हलवलेला फर्मा

पितृपक्ष लागला की सदाशिव पेठेतल्या डीटीपीवाल्याला ‘कधी देता?’ असं विचारू नये. दिवाळी अंकांची पानं तेव्हा त्याच्या अंगावर कोसळत असतात. २०२४ च्या पितृपक्षात त्या ढिगात माझं २८८ पानांचं पुस्तकही होतं, ते मामांनी निव्वळ भिडेखातर घुसवून घेतलेलं. मामा माझे कोणी नव्हेत, सगळी आळीच त्यांना मामा म्हणते. सख्खी भाची मात्र एकच. ती हिंजवडीत सर्व्हर सांभाळायचं काम करते आणि महिन्यातून एकदा जेवायला आली की मामांच्या ऑफिसातल्या वायरी आवरून जाते.

त्या बुधवारी सकाळी मामांचा संगणक उठलाच नाही. आतून नुसती टकटक, आणि काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ. विंडोज ७ चं मशीन, ५०० जीबीची डिस्क, बारा वर्षांची सेवा. मामा शांत होते. ‘इमेज आहे माझ्याकडे,’ म्हणाले, आणि दुसऱ्या मशीनवर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं काम करत बसले.

इमेज म्हणजे निवडक फायलींची प्रत नव्हे. अख्खी डिस्क जशी आहे तशी: विंडोज, पेजमेकर, अक्षरांचे शेकडो फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरचं मोजमाप, पडद्यावर कुठलं चिन्ह कुठे आहे इथपर्यंत. ही सोय विंडोज ७ मध्ये मुळातच असते. मामा दर दोनतीन महिन्यांनी ती बाहेरच्या डिस्कवर घेत. मशीन उठत नसेल तेव्हा लागणारी रिपेअर सीडीसुद्धा त्यांनी लाल पेनाने नाव घालून ठेवली होती. इतका नेटका माणूस मी पेठेत दुसरा पाहिलेला नाही.

संध्याकाळी भाची नवी एसएसडी घेऊन आली. जुनी डिस्क काढली, नवी बसवली, सीडी घातली, बाहेरची डिस्क जोडली. पडद्यावर उत्तर आलं की या संगणकावर सिस्टिम इमेज सापडत नाही.

मी प्रूफं द्यायला गेलो होतो, तो रात्री साडेबारापर्यंत बसलो. बोलणं आठवतं तसं लिहितो.

भाची : मामा, डिस्क हीच ना नक्की?

मामा : हीच म्हणजे... त्या डिस्कमधलं सगळं हिच्यात आहे. उन्हाळ्यात जुनी कुरकुरायला लागली, तेव्हा आपल्या पोराने सगळं हिच्यात उचलून ठेवलं. आवरूनही दिलं.

भाची : आवरून म्हणजे काय केलं?

मामा : बिलं एकीकडे, अंक एकीकडे, बॅकअप एकीकडे. चांगला मुलगा होता गं. आता दुसरीकडे लागला.

भाचीने डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर, त्यात ‘ऑफिस’, त्यात ‘जुना पीसी इमेज’. आत मामांच्या मशीनच्या नावाचं एक फोल्डर आणि शेजारी एक बारकीशी फाइल.

भाची : ही बघ. आहे तुझी इमेज, शाबूत दिसतेय. घर बदललंय, आणि नावही बदललंय.

मामा : तुला दिसतेय, मला दिसतेय, मग त्यालाच का दिसत नाही?

भाची : कारण तो शोधतच नाही. तो एकाच ठिकाणी बघतो. डिस्क उघडल्या उघडल्या जी पहिली पायरी, कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, तिथे. आणि तिथेही एकच नाव त्याला ओळखता येतं. विंडोज, इमेज आणि बॅकअप, हे तिन्ही शब्द इंग्रजीत सलग. ते दिसलं तर आत शिरतो, नाही दिसलं तर ‘नाही’ म्हणून मोकळा.

मामा : म्हणजे खिळ्यांच्या केससारखंच की. मी चौदाव्या वर्षी खिळे जुळवायला बसलो. जुळारी केसकडे बघत नाही. काना कुठल्या खणात, अर्धा ‘त’ कुठल्या, ते हाताला ठाऊक असतं. देवनागरीचे खण काय थोडे? रात्री कुणी केस झाडूनपुसून खण इकडचे तिकडे केले, तर सकाळी खिळे सगळे तेच, आणि छापून काय येईल ते देवाला ठाऊक.

भाची : बरोब्बर. त्या पोराने केस झाडून दिली तुझी.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं होतं. त्या मुलाची चूक काय? बाहेरची डिस्क ही उचलून नेण्यासाठीच असते. तिच्यातला माल नीट लावून ठेवावा, नावं आपल्या भाषेत घालावीत, हे कुणालाही सुचेल. जी वस्तू हलवण्यासाठी केली आहे ती जागेवरून हलली की ओळखूच येऊ नये, हा दोष मी तरी करणाऱ्याच्या पदरात घालीन. पण पेठेत रात्री नऊ वाजता हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

मामा : मग काढ त्याला बाहेर. ९६ जीबी आहे, दोन तास तरी लागतील. मी चहा सांगतो.

भाची : दोन तास नाही, एक सेकंद. त्याच डिस्कवर हलवलं की माल जागचा हलत नाही, नोंदवहीतला पत्ता तेवढा बदलतो. एका डिस्कवरून दुसरीवर नेताना मात्र खरोखर वाहून न्यावं लागतं, आणि तेव्हा मध्येच वायर हलली की पंचाईत. पण थांब. मला आधी एक विचारायचंय. हे उभं करायचंच कशाला?

मामा : म्हणजे?

भाची : विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. साडेचार वर्षं होऊन गेली. सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. आज मशीन मेलंय, ही संधी समज. नवीन मशीन घेऊ, नवीन विंडोज टाकू. आणि तुझं काम कुठे गेलंय? दर शनिवारी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर जातील असं मीच लावून दिलंय ना? शनिवारपर्यंतचं सगळं आहे. जे गेलंय ते फक्त मशीन.

मामा : फायली आहेत म्हणतेस.

भाची : आहेत.

मामा : उघड.

भाची : आं?

मामा : उघड ना. यांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघड आणि वाच मोठ्याने.

पेजमेकरची फाइल तिच्या लॅपटॉपवर उघडेना, पण मजकुराची वेगळी फाइल होती. ती उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, कंस, मधूनच डॉलर. ते माझ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य होतं. मी ते किमान वीस वेळा लिहून खोडलेलं आहे, पण मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. मराठी डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच आपल्या काना-मात्रांची चित्रं बसवलेली. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी चिन्हंच साठतात, फॉन्ट असला तरच डोळ्यांना मराठी दिसतं. फॉन्ट गेला की मराठीही गेली. गेल्या तीस वर्षांतली किती मराठी पुस्तकं अशा फायलींत पडून आहेत याचा विचार मी सहसा करत नाही, झोप उडते.

मामा : आता सांग, मशीनच गेलंय फक्त?

भाची : याला कन्व्हर्टर आहेत. युनिकोडमध्ये घ्यायचं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, मामा. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा.

मामा : पण पेजमेकरला ते कधी कळलंच नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. आणि कन्व्हर्टरचं मला सांगू नकोस. ‘धर्म’ घे. जुन्या फॉन्टात आम्ही आधी ‘ध’, मग ‘म’, मग वर रफार ठेवतो, जसा डोळ्याला दिसतो तसा. तुझ्या युनिकोडात ‘र’ आधी आणि ‘म’ मागून. पहिल्या वेलांटीचं उलट. आमच्याकडे ती अक्षराच्या आधी, तुमच्याकडे नंतर. कन्व्हर्टर हे बहुतेक ठिकाणी नीट करतो.

भाची : मग झालं की.

मामा : बहुतेक म्हणालो मी. हा रफार शेजारच्या अक्षरावर गेला की नाही, ते बघायला २८८ पानं पुन्हा वाचायची. कोण वाचणार? हे?

मी मान हलवली नाही.

भाची : बरं, मग फॉन्ट आणि प्रोग्रॅम नव्या मशीनवर परत टाकू. सीडी असेल ना.

मामा : पेजमेकरची आहे. फॉन्टची सीडी चरे पडलेली. डाँगल आहे, पण त्याला लागणारा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालेल का याची खात्री विकणाऱ्यालाच नाही. तो म्हणतो नवीन आवृत्ती घ्या. घेईन, दिवाळीनंतर. आत्ता अकरा अंकांची पानं त्या मशीनच्या मापावर लागलेली आहेत. एका फॉन्टची रुंदी केसभर बदलली की ओळी घसरतात, ओळी घसरल्या की पानं घसरतात. बांधून ठेवलेलं मॅटर म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. अख्खा फर्मा जुळवून, सुतळीने आवळून, गॅलीवर ठेवायचा. पुन्हा छपाई आली की उचलून मशीनवर चढवायचा. तू म्हणतेस, हस्तलिखित आहे, खिळे आहेत, जुळव पुन्हा. अगं, जुळवलेलं होतं ना!

भाचीने यावर काही उत्तर दिलं नाही. मला वाटतं त्या रात्रीचा वाद इथेच निकाली निघाला होता. तिचं म्हणणं चूक नव्हतं, पण ते दहा वर्षांच्या हिशेबातलं होतं. मामांना शुक्रवारी पानं द्यायची होती.

फोल्डर बाहेर काढायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. ‘जुना पीसी इमेज’ ओढून पहिल्या पायरीवर आणलं, खरंच पापणी लवायच्या आत आलं, आणि त्याला इंग्रजीत जुनं नाव घातलं. पुन्हा सीडी, पुन्हा तेच उत्तर.

भाची : काय नाव घातलंस?

मामा : तूच सांगितलंस ते.

भाची : मामा! मध्ये जागा सोडल्यास.

मामा : तीन शब्द आहेत. जागा सोडल्याशिवाय कसे लिहायचे? पन्नास वर्षं हेच शिकवतोय पोरांना.

जागा काढल्या. तिसऱ्या खेपेला इमेज यादीत दिसली. अशा फोल्डरांच्या बाबतीत दुसरी नेहमीची चूक पातळीची असते, तीही सांगून टाकतो: नाव बरोबर असतं, पण माणूस ते त्याच नावाच्या दुसऱ्या फोल्डरात टाकतो, किंवा आतलं मशीनच्या नावाचं फोल्डर तेवढं बाहेर आणतो. दोन्हीत रिस्टोअर करणाऱ्याला काही दिसत नाही. ज्यांना डिस्कवर काहीच हलवायचं नाही त्यांच्यासाठी एक आडवाटही आहे. मूळ नावाचं फोल्डर ज्याच्या आत आहे ते फोल्डर दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कवर शेअर करायचं आणि रिपेअर सीडीला तो नेटवर्कचा पत्ता द्यायचा. मग त्याच्या दृष्टीने तीच पहिली पायरी ठरते. भाचीने हे सांगितलं, मामांनी ऐकून सोडून दिलं.

यादीत मात्र एकच ओळ होती.

मामा : बाकीच्या कुठायत? मी पाच तरी घेतल्यात.

भाची : उघडून बघते... बॅकअप, २०२४-०२-११, पुढे ०४३५१२. ही एकच आहे. अकरा फेब्रुवारी.

मामा : पहाटे साडेचारला? मी काय काकड आरती करून बॅकअप घेतो? रविवारी दहाला ऑफिसात येऊन घेतली होती मी ती.

भाची : दहालाच घेतलीस. हे नाव जागतिक वेळेत पडतं, आपल्याहून साडेपाच तास मागे. पण बाकीच्या गेल्या, मामा.

मामा : गेल्या म्हणजे? पोराने पुसल्या?

भाची : नाही रे, त्याने काहीच पुसलं नाही. जुन्या डिस्कवर दर वेळी नवीन फोल्डर होत नव्हतं. ताजी इमेज या फोल्डरात, आणि आधीच्यांत जे वेगळं होतं ते त्या डिस्कच्याच एका लपवलेल्या कप्प्यात, सावलीप्रतींत. फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं की वरची इमेज येते. तो कप्पा त्याच डिस्कवर राहतो. तो असा कॉपी करताच येत नाही.

मामा : ती डिस्क तर भंगारात दिली.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. हलवलेली इमेज सापडत नाही, हे दुखणं घाबरवणारं असलं तरी साधं आहे, नाव आणि जागा दुरुस्त केली की बरं होतं. हे दुसरं मुकं आहे. हलवताना काही राहून गेलं असं कुठलाही पडदा सांगत नाही, आणि तुमच्याजवळ पाच इमेज आहेत या समजुतीवर तुम्ही सहा महिने निर्धास्त झोपता. फेब्रुवारीची इमेज चांगली होती म्हणून निभावलं. त्या आधीच मशीनमध्ये काही बिघडलेलं असतं, तर मागे जायला पायरीच नव्हती.

पुढचा अडथळा भाचीचा. ‘रिस्टोअर’ म्हटल्यावर पडद्याने पुन्हा नकार दिला. तिने आणलेली एसएसडी ४८० जीबीची होती.

मामा : आता काय? माल तर ९६ जीबीच आहे. अर्ध्या घरात मावेल.

भाची : माझी चूक. मूळ डिस्क ५०० ची. तो माल मोजत नाही, मूळ डिस्कवरच्या भिंती मोजतो. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली की घेतच नाही.

मामा : म्हणजे बाई, तू कॉम्प्युटरवाली असून...

भाची : मी सर्व्हरवाली आहे. आमच्याकडे असली इमेज कोणी घेत नाही. आम्ही मशीन कसं घडवायचं त्याची कृती लिहून ठेवतो. मेलं की टाकून द्यायचं, कृतीवरून दहा मिनिटांत दुसरं उभं करायचं. डेटा वेगळा ठेवायचा. तुझ्या या इमेजच्या सोयीला मायक्रोसॉफ्टनेच २०१७ च्या शरदातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून निवृत्तांच्या यादीत टाकलंय. दुसऱ्यांची साधनं वापरा म्हणाले.

मामा : पण आहे ना अजून? तुझ्या लॅपटॉपात कोणतं विंडोज आहे?

भाची : अकरा.

मामा : बघ कंट्रोल पॅनेलात.

तिने बघितलं. ‘बॅकअप अँड रिस्टोअर’, आणि पुढे कंसात ‘विंडोज ७’.

भाची : वाडा पाडलेला नाही, एवढाच याचा अर्थ. डागडुजी बंद आहे.

मामा : पेठेत निम्मे वाडे तसेच आहेत. राहतात माणसं.

भाची : आणि पावसाळ्यात भिंत पडली की पेपरात येतात.

मामा : आणि तुमच्याकडे कधी काही पडतच नाही?

भाची : पडतं. फार मोठं पडतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब नावाच्या कंपनीत रात्री काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचा डेटा उडवला. चूक सेकंदभरात कळली, थांबवलं, पण सुमारे ३०० जीबी गेलं होतं. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. पाचातली एकही धड चालत नव्हती. वाचले ते कशावर, तर कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती. त्यांनी हे लपवलं नाही, डागडुजी चालू असताना लोकांना दाखवली. आम्हाला ते शिकवतात.

मामा : पाच होत्या म्हणतेस.

भाची : पाच.

मामा : माझ्यासारख्याच.

हे म्हणताना ते हसले, त्या रात्रीत पहिल्यांदा.

तेवढ्यात मला आठवलं की दुरुस्त केलेलं सूचीचं पान मामांनी फेब्रुवारीच्या आधीच एकदा लावलं होतं. ते मिळेल का, असं मी भीत भीत विचारलं.

भाची : काका, ते आत्ता मिळेल. त्याला मशीन उठायची गरजच नाही. या इमेजच्या आत एकच अवाढव्य फाइल आहे, व्हीएचडी म्हणतात तिला, आभासी डिस्क. ती माझ्या लॅपटॉपला डिस्क मॅनेजमेंटमधून जोडायची, की साध्या डिस्कसारखी उघडते. फक्त जोडताना ‘केवळ वाचनासाठी’ ही खूण करायची. नाही तर विंडोज तिच्यात काहीबाही लिहून ठेवतं, आणि मग इमेज म्हणून ती बाद होऊ शकते.

मामा : आणि ती कुठेही ठेवलेली चालते?

भाची : कुठेही. ‘बॅकअप’च्या आत, ‘ऑफिस’च्या आत, काय वाट्टेल ते नाव देऊन. जागेचा हट्ट फक्त रिस्टोअर करणाऱ्याचा. फायलींना पत्ता लागत नाही, मामा, मशीनला लागतो. म्हणून म्हणत होते मी.

मामा : आणि त्या डिस्कमध्ये माझे फॉन्टही असतील?

भाची : असतील की. विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरात.

मामा : मग मघाशी ते वाचता आलं असतं तुला.

हा मुद्दा भाचीच्या बाजूचा होता आणि तो मामांनी काढून दिला. आभासी डिस्क जोडून तिने फॉन्ट उचलले, स्वतःच्या लॅपटॉपवर टाकले, आणि माझं पहिलं वाक्य मराठीत उभं राहिलं. पेजमेकर नव्हता, पानं नव्हती, पण वाक्य वाचता आलं. तिने ते वाचलं आणि ‘काका, थोडं लांब झालंय का?’ असं विचारलं. त्याबद्दल मी इथे अधिक लिहू इच्छित नाही.

मामांनी उत्साहाने ती ९६ जीबीची फाइल लगेच पेन ड्राइव्हवरही घ्यायला सांगितली. तो एफएटी ३२ चा होता. तिथे ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, मग ड्राइव्ह कितीही मोठा असो. तो बेत तिथेच राहिला.

गुरुवारी सकाळी तपकीर गल्लीतली दुकानं उघडल्या उघडल्या १ टीबीची एसएसडी आणली. या वेळी पडद्याने काही कुरकुर केली नाही. डिस्क पुसून नव्याने भाग पाडणार, चालेल ना, असं विचारलं. भाचीने आधी दोनदा खात्री केली की पुसली जाणार ती नवीच डिस्क आहे, आणि मगच होकार दिला. पाऊण तासाने मशीन उठलं. पडद्यावर फेब्रुवारीतलं वॉलपेपर, फेब्रुवारीतल्या एका अंकाची अर्धवट जाहिरात, डाँगलचा हिरवा दिवा. पेजमेकर उघडला. पेन ड्राइव्हवरच्या शनिवारच्या फायली आत घेतल्या. ओळ केसभरही घसरली नव्हती.

भाची : आता दिवाळीनंतर युनिकोड.

मामा : दिवाळीनंतर.

भाची : लिहून दे.

मामा : लिहून देतो, पण जुन्या फॉन्टात.

निघताना तिने त्यांना एक गोष्ट करायला लावली. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, कॉपी केला म्हणजे तर मुळीच नाही. खरी परीक्षा रिकाम्या डिस्कवर तो उतरवून बघण्याची. तेवढं नाही जमलं तर निदान तीन महिन्यांतून एकदा सीडीने मशीन चालू करायचं, यादीत इमेज येते का बघायचं, आणि रद्द करून बाहेर पडायचं. दहा मिनिटांचं काम. शिवाय एक प्रत या ऑफिसात, एक घरी. एक डिस्क जोडलेली असताना दुसरी जोडायची नाही.

माझ्या पुस्तकाचं म्हणाल तर शनिवार ते मंगळवारच्या दुरुस्त्या गेल्याच होत्या. त्या ना इमेजमध्ये होत्या, ना पेन ड्राइव्हवर. ४३ पानांची लाल शाईची प्रूफं मामांनी टेबलाखालच्या पिशवीत ठेवलेली होती. त्यांवरून त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत सगळ्या पुन्हा घातल्या. पुस्तक धनत्रयोदशीला आलं.

बाहेरच्या डिस्कवर आता मामांच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘आतलं पहिलं फोल्डर. नाव बदलू नये. आत ढकलू नये. जागा सोडू नये.’ खाली ‘उघडून पाहिलं’ असा रकाना आहे. त्यात आजवर दोन तारखा पडल्या आहेत, दुसरी भाचीच्या हातची.